सुई उचला

ही घडलेली गोष्ट आहे. कुणाच्या ओळखीच्याच्या ओळखीच्याची नाही. माझ्या सख्ख्या ताईच्या घरात घडलीय, आणि तिचा एक तुकडा मी माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकलाय. म्हणजे ऐकला नाहीये... ते पुढे येईलच.

आणि आधीच सांगते, ही रात्रीची गोष्ट नाही. स्मशान नाही, अमावास्या नाही, लाइट गेलेली नाही. भर दुपार. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. बाहेरच्या खोलीत लख्ख ऊन, दोरीवर बाळाचे कपडे आणि ओट्यावर जेवणाची भांडी तशीच पडलेली.

दुपारी माणूस घाबरत नाही, असं आपल्याला वाटतं.

ताईलाही वाटायचं.

भाऊजींचं चष्म्यांचं दुकान आहे. सकाळभर काचा घासायच्या, दुपारी शटर ओढून जेवायला घरी यायचं, संध्याकाळी पुन्हा उघडायचं. सरळमार्गी माणूस. दारू नाही, पत्ते नाहीत. ताईच्या सासूबाई चारचौघांत सांगायच्या, "माझ्या लेकाला सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही." ताई मनात म्हणायची, आई, तुम्ही आमची बाहेरची खोली बघितली नाहीत.

बाहेरच्या खोलीत रेकॉर्ड्स होत्या. जमिनीपासून खिडकीपर्यंत.

जुन्या इंग्रजी रॉक बँडच्या. त्याही साध्या नाहीत, जपानमध्ये छापलेल्या. गाणी तीच, गाणारे तेच, वाजवणारे तेच, पण तबकडी जपानची. लग्न नवीन असताना ताईने भाबडेपणाने एकदा विचारलं होतं, "मग फरक काय?" भाऊजी संध्याकाळपर्यंत सांगत होते. त्यानंतर तिने तो प्रश्न कधी कुणाला विचारला नाही.

थोडक्यात असं, की जपानी रेकॉर्डला खरखर नसते. माल चोख, छपाई चोख. सुई टेकली तरी कळत नाही.

"गाणं काय, कुणीही ऐकतं," भाऊजी म्हणायचे. "दोन गाण्यांच्या मधलं ऐकता आलं पाहिजे."

"मध्ये काय असतं?"

"काही नाही."

"मग ऐकतोस काय?"

"तेच तर."



बरं, त्या रेकॉर्ड्सच्या कव्हरला कागदाची एक उभी पट्टी असते, जपानी अक्षरांची. तिला म्हणे ओबी म्हणतात, आणि ती शाबूत असली तरच त्या रेकॉर्डला मान. ताई तिला कमरपट्टा म्हणायची. त्यांची लेक टिचकी, वर्षाची झाली नव्हती तेव्हाची गोष्ट, रांगत रांगत गेली आणि एक कमरपट्टा तिने अर्धा चघळून टाकला. भाऊजी धावले. आधी तिच्या तोंडातून कागद काढला. तो टिपून, पुस्तकात दाबून ठेवला.

मग विचारलं, "हिला काही झालं नाही ना?"

याच क्रमाने. ताई हे अजून विसरलेली नाही.

दुपारी भाऊजींचा ऐकण्याचा वेळ. पंखा बंद. मिक्सर बंद. टिचकी आतल्या खोलीत. बाळ जरा कुरकुरलं की बाहेरून "श्श्..." दुपारभर तिला कडेवर घेऊन ताई घामाघूम व्हायची. एकदा मला फोनवर म्हणाली, "लोकांच्या घरी बाळ झोपावं म्हणून नवरे गप्प बसतात. आमच्याकडे नवऱ्याला शांतता मिळावी म्हणून बाळाने गप्प बसायचं. कुणाला सांगू?"

मी हसले. ती हसली नाही.

तर असं सगळं चाललेलं असताना भाऊजींना कुणीतरी एका काकूंचा पत्ता दिला. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या. यजमान वारलेले. त्यांनाही हाच नाद होता, आणि काकूंना आता त्या रेकॉर्ड्स घरात नको होत्या.

ताई सोबत गेली. नाहीतर भाऊजी सगळंच उचलून आणतील ही भीती.

काकूंचं घर स्वच्छ, आवरलेलं. बाहेरच्या खोलीत एकच आरामखुर्ची, तोंड स्पीकरकडे. पाठीवर डोकं टेकून टेकून पडलेला तेलकट गोल डाग. काकू त्या खुर्चीला वळसा घालून जात होत्या. बसत मात्र नव्हत्या.

भाऊजींनी खोका चाळला आणि त्यांचे डोळे लकाकले. निळ्या कव्हरची एक रेकॉर्ड. कमरपट्टा जसाच्या तसा. तबकडी उन्हात तिरकी धरून पाहिली, जशी ते दुकानात काच बघतात. एक चरा नाही.

निघताना काकू दारापर्यंत आल्या. "एक करा," त्या म्हणाल्या. "ही निळी लावलीत, तर गाणं संपल्याबरोबर सुई उचला. तशीच फिरू देऊ नका."

"हो, हो, सुई झिजते," भाऊजी म्हणाले. "माहितीय मला, काकू."

काकूंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं.

ताईने ते पाहिलं. पण टिचकी केस ओढत होती, खाली गाडी चुकीच्या जागी लावलेली होती. राहून गेलं.

दुसऱ्याच दुपारी भाऊजींनी ती लावली.

इथे एक सांगायला हवं. रेकॉर्डच्या शेवटी, गाणी संपली की, एक कोरी रेघ असते. सुई त्या रेघेत गोल गोल फिरत राहते. काही यंत्रांत सुई आपोआप उचलली जाते, पण भाऊजींसारख्या हौशी लोकांना तसली यंत्रं चालत नाहीत. आवाजात म्हणे फरक पडतो. त्यांना सुई हाताने उचलायची असते. आणि त्यांची एक खोड होती. नवी रेकॉर्ड आली की त्या कोऱ्या रेघेवर आवाज पूर्ण वाढवायचा आणि डोळे मिटून बसायचं. खरखर आहे का बघायला. आहे का, तर नाही. मग तोंडावर असं समाधान, जसं काही स्वतःच छापलीय.

त्या दिवशीही त्यांनी तेच केलं.

ताई स्वयंपाकघराच्या दारात टिचकीला भरवत होती. टिचकी चमचा वाटीवर आपटत होती. ठण... ठण... ठण...

गाणं संपलं.

ठण... ठण...

आणि मग नाही.

चमचा वाटीवर आपटत होता. ताईला दिसत होता. पुन्हा वर जात होता, पुन्हा आपटत होता.

आवाज नव्हता.

फ्रिजची घरघर नव्हती. खालच्या रस्त्यावरचे हॉर्न नव्हते. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता, टिकटिक नव्हती. ताईला वाटलं कानात दडे बसले. तिने आवंढा गिळला. मग म्हणाली, "अरे, ते बंद कर."

ओठ हललेले तिला जाणवले.

स्वतःचं बोलणं तिला ऐकू आलं नाही.

भाऊजी डोळे मिटून बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी हात लांब करून सुई उचलली, आणि झाकण काढावं तसं सगळं परत आलं. फ्रिज, हॉर्न, घड्याळ. ठण. ठण.

"बघितलंस?" भाऊजी म्हणाले. "याला म्हणतात प्रेसिंग, जपानी छपाई."

ताईने सांगून पाहिलं. वाटीचं सांगितलं, घड्याळाचं सांगितलं. भाऊजींनी शांतपणे समजावलं, की इतकी शुद्ध शांतता कानाला सवयीची नसते, त्यामुळे मेंदू गोंधळतो. मग म्हणाले, "तुझी झोप नीट होत नाहीये. त्यानेही होतं."

झोप नीट होत नाहीये. का होत नाहीये, हे त्यांनी विचारलं नाही.

ती भांडली नाही. भांडायलाही अंगात जोर लागतो. तिने एवढंच कबूल करून घेतलं, की निळी रेकॉर्ड ती नसताना लावायची नाही.

कबूल केलं त्यांनी. अगदी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून.

मग तो दिवस आला.

टिचकी आतल्या खोलीत पलंगावर झोपली होती. दोन्ही बाजूंना उशा. ताई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. भाऊजी घरीच होते. तिचं पाऊल बाहेर पडलं आणि ह्यांनी निळी लावली. शेवटची बाजू, शेवटचं गाणं, फक्त तेवढंच. ते संपत आलं तेवढ्यात दुकानाच्या सामानाचा माणूस खाली आला. फोन आला, ते खाली उतरले. "दोन मिनिटांत येतो" म्हणून.

सुई तशीच राहिली.

ताई खाली आली. दार लोटलेलं. आत आली.

घर शांत होतं.

इतकं शांत, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आई झालेल्या बाईला कळेल हे. बाळ झोपलंय, नवरा घरात नाही, "श्श्" नाही. सकाळचा चहा कपात तसाच होता, तो तिने गरम केला. भिंतीला टेकून उभ्या उभ्या सावकाश प्यायली. कित्येक महिन्यांत तिने चहा गरम असताना प्यायला नव्हता.

कप ठेवला.

आणि कपाचा आवाज आला नाही.

तिने ओट्याकडे पाहिलं. कप बशीत होता. मघाशी गॅस पेटवला होता. तो पेटताना... आवाज आला होता का?

ती आत धावली.

पलंगावर टिचकी नव्हती. उशी खाली पडली होती. पलंग आणि भिंतीच्या फटीत... टिचकी अडकली होती. एक हात वर, चेहरा काळानिळा, गळ्याच्या शिरा ताठ, आणि तोंड पूर्ण उघडं.

ती रडत होती. केव्हापासूनची रडत होती, देव जाणे. अख्खी बिल्डिंग गोळा व्हावी असं रडत होती.

काही ऐकू येत नव्हतं.

ताईने पलंग ओढला. लाकूड फरशीवर घासलं, आवाज नाही. लेकीला उचललं, छातीशी धरलं. ते इवलंसं अंग हुंदक्यांनी गदगदत होतं, गरम श्वास मानेवर येत होता. आवाज नाही. ताई स्वतः किंचाळली. तेही नाही.

तशीच बाहेर पळाली. तबकडी फिरत होती. तिने सुई उचलली.

टिचकीचं रडणं घरभर फुटलं.

पण मधूनच सुरू झाल्यासारखं, ताई सांगते. जणू आधीचं सगळं कुठेतरी खर्च होऊन गेलं होतं.

हात फक्त मुरगळला होता. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांचं लवकर भरतं. भाऊजी पांढरेफटक पडले होते. ताई एकच वाक्य बोलली, "ती रेकॉर्ड काकूंना परत देऊन ये." ते दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गेले. आल्यावर म्हणाले, "दिली."

संपलं, असं तिला वाटलं.

आता माझा तुकडा.

पुढच्या आठवड्यात ताईचा फोन आला. टिचकीला दात येतायत, चिडचिड करतेय, असं सांगत होती. मागे टिचकीची रडारड. ताई म्हणाली, "कालपासून हिने ना..."

आणि पुढे काही नाही.

फोन कट झाला नव्हता. स्क्रीनवर वेळ पुढे सरकत होता. एरवी समोरचा गप्प असला तरी फोनमध्ये काहीतरी असतं... श्वास, हवा, बारीक सूं. ते काहीच नव्हतं. मी "हॅलो, ताई, हॅलो" करत राहिले. कानाला विहिरीचं तोंड लावल्यासारखं वाटत होतं.

मग एकदम ताईचा आवाज आला. माझ्याशी नव्हती बोलत.

"तू दिली होतीस ना परत?"

भाऊजी बाहेरच्या खोलीत हेडफोन लावून बसले होते. आवाज बाहेर पडू नये म्हणून हेडफोन. शांतता पडायची ती पडलीच.

त्यांनी काय केलं होतं, माहितीय? त्यांच्याकडे त्याच गाण्यांची दुसरी एक कॉपी होती, चरे पडलेली. निळ्या कव्हरमध्ये ती तबकडी घालून काकूंना दिली. चांगली ठेवून घेतली. या नादातली माणसं अशी अदलाबदल करतात म्हणे, एकीचं कव्हर, दुसरीची तबकडी. त्याला ते "लग्न लावणं" म्हणतात.

"त्या काकूंना काय कळणार होतं?" भाऊजी म्हणाले.

"आणि टिचकी?"

"मी इथेच होतो की. लक्ष ठेवून."

"डोळे मिटून?"

मी फोन धरूनच होते. सगळं ऐकलं.

त्याच दुपारी ताईने तबकडी जुन्या पातळात गुंडाळली, टिचकीला घेतलं आणि निघाली. भाऊजींनी गाडीतून पोहोचवलं, पण वर गेले नाहीत. तोंड दाखवायला जागा नव्हती.

काकूंनी दार उघडलं आणि गुंडाळी पाहून म्हणाल्या, "आणलीस होय. मला कळलं होतं. परत आलेली मी लावून बघितली. पहिल्याच गाण्याला खरखर होती. आमच्या ह्यांच्या तबकडीला नव्हती."

मग त्यांनी सांगितलं, जे दारात सांगायचं राहिलं होतं.

"हे त्या खुर्चीतच गेले. दुपारची वेळ. हीच लावलेली. मी स्वयंपाकघरात होते. दार उघडं, मध्ये एक भिंतसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, पटकन नसतं झालं ते, थोडा वेळ गेला असेल. म्हणजे हाक मारलीच असणार ना गं त्यांनी? मारल्याशिवाय राहतील? मला काही ऐकू आलं नाही. आत आले तर सुई फिरत होती."

ताई टिचकीला घट्ट धरून बसली.

काकू उठल्या आणि त्यांनी तबकडी यंत्रावर ठेवली.

"काकू, नको."

"शेवटच लावते. तू आहेस म्हणून. एकटीने धीर झाला नाही इतके दिवस."

गाण्याची शेपटी वाजली. संपली.

पुन्हा तेच झाकण पडलं. पंखा फिरत होता, आवाज नाही. टिचकी मांडीवर टाळ्या वाजवत होती, आवाज नाही. काकूंनी आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं.

आणि स्पीकरमधून... अगदी लांबून... बाळाचं रडणं आलं.

ताईने टिचकीकडे पाहिलं. टिचकीचं तोंड मिटलेलं होतं. ती स्पीकरकडे बघत होती.

ते तिचंच रडणं होतं. आई आपल्या लेकराचं रडणं ओळखते. पलंगाच्या फटीतलं, त्या दिवशीचं, जे घरात कुणालाच ऐकू आलं नव्हतं. मग एका बाईची किंकाळी. ताईची स्वतःची.

आणि त्या सगळ्याच्या खालून, आणखी लांबून, एक पुरुषाचा दमलेला आवाज.

"अगं... ऐकतेस का..."

काकूंनी तोंडावर पदर धरला.

"अगं... ऐकतेस का..."

काकूंचे ओठ हलले. काहीतरी उत्तर देत होत्या. ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

ताईने उठून सुई उचलली. भाऊजी इतके दिवस हेच लावून बसत होते, पण ते 'काही नाही' ऐकायला बसायचे, म्हणून त्यांना काही नाहीच ऐकू आलं.

रेकॉर्ड काकूंकडेच राहिली. भाऊजींनी ती फोडून टाकायला सांगितलं होतं. हो, भाऊजींनीच. ताईने अडवलं. म्हणाली, "तिचं रडणं आत आहे. फोडलं तर ते कुठे जाईल, तू सांग." बाकीच्या रेकॉर्ड्स भाऊजींनी दुकानाच्या पोटमाळ्यावर नेऊन टाकल्या. आता घरात पंखा फिरतो, मिक्सर चालतो.

पण...

एखाद्या दुपारी टिचकी रडत असते. पडली म्हणून, भूक लागली म्हणून, साधंच. आणि रडता रडता तिचा आवाज जातो. फक्त तिचा. फ्रिज चालू असतो, हॉर्न वाजत असतात. तिचं तोंड तसंच उघडं, डोळ्यांतून पाणी तसंच. डॉक्टरांनी घसा बघितला, कान बघितले. काही नाही म्हणाले.

ताईला कळतं. ती काकूंना फोन लावते.

रिंग वाजत राहते... वाजत राहते... तिकडे सुई फिरत असताना फोनची रिंग ऐकू येणार कशी? काकू सुई उचलतील तेव्हाच ऐकतील. तोवर ताई एका हातात फोन आणि एका हातात मुकी लेक घेऊन उभी असते.

मग एकदम टिचकीचा आवाज फुटतो. आणि पुढच्याच रिंगला फोन उचलला जातो.

"काकू, सुई उचलत जा हो लवकर."

"उचलते गं. थोडंच थांबले होते. आज पुढे काहीतरी बोलणार होते ते. नुसतं 'ऐकतेस का' म्हणून माणूस थांबतं का?"

काकू वाईट नाहीत. म्हणून तर ताईला रागही धड करता येत नाही. पण काकूंचं वय झालंय. परवा बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की आता त्या ऐकायला त्या खुर्चीतच बसतात.

ताईने त्यांच्याच बिल्डिंगमध्ये घर बघितलंय. शेजारचंच. भाऊजींना दुकान लांब पडणार, पण ते एका शब्दाने काही बोलले नाहीत. काल ताईने काकूंना फोन करून त्यांच्या घराची जास्तीची किल्ली मागितली.

"किल्ली कशाला?" काकू म्हणाल्या. "बेल वाजव, मी उघडतेच की."

"आणि बेल ऐकू आली नाही तर?"

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. श्वास नाही, हवा नाही, बारीक सूंसुद्धा नाही.

आत टिचकी झोपली होती. ताई तिच्याकडे बघत, फोन कानाला लावून उभी राहिली.

काकू गप्प होत्या, की बोलत होत्या... ते तिला अजून माहीत नाही.